खांद्याला खांदा : ऑस्ट्रेलियातल्या ‘मेन्स शेड’चा इतिहास

आपल्या मंडळाच्या पानांवर देवळं, वाडे, शिलालेख आणि दफ्तरातले कागद यांवर पुष्कळ लिहून आलं आहे. या टिपणाचा विषय जरा वेगळा आहे. इमारत म्हणाल तर पत्र्याची शेड, वय म्हणाल तर तीसेक वर्षं, आणि ठिकाण म्हणाल तर ऑस्ट्रेलिया. तरीही हा विषय इथे मांडावासा वाटला. संस्था कशा जन्मतात आणि का टिकतात, हा आपला नेहमीचा प्रश्न. जुन्या संस्थांच्या बाबतीत त्याचं उत्तर अर्धंमुर्धंच हाती लागतं. इथे मात्र जन्माची तारीख, गाव, माणसं सगळं समोर आहे. दुसरं कारण असं की बडोदा हे कारखान्यांचं गाव. साठीला निवृत्त झालेला, हातात कसब असलेला आणि दिवसभर घरात बसून असलेला माणूस आपल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत आहे.

‘मेन्स शेड’ म्हणजे गावातल्या पुरुषांनी, बहुतेक निवृत्तांनी, मिळून चालवलेली कार्यशाळा. आत लाकूडकामाची बाकं, लेथ, पट्टीकरवत, ड्रिल मशीन, कुठे वेल्डिंगचा कोपरा. आणि एका बाजूला चहाचं टेबल. आठवड्यातले ठरलेले दिवस ती उघडते. माणसं येतात, वहीत नाव लिहितात आणि कामाला लागतात. एवढंच. पण अशा शेड आज एकट्या ऑस्ट्रेलियात हजाराहून जास्त आहेत.

परसातली शेड

या कल्पनेचं मूळ ऑस्ट्रेलियन घराच्या परसात आहे. तिथल्या जुन्या घरांना मागे मोकळी जागा असे, आणि त्या जागेत एक शेड. घरात बायकोचं राज्य, शेडमध्ये नवऱ्याचं. जुनी हत्यारं, बरण्यांत भरलेले स्क्रू, ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेले तुकडे. आपल्याकडे माळ्यावर जे जमतं, ते तिथे शेडमध्ये जमे. १९९५ साली मार्क थॉमसन यांचं ‘ब्लोक्स अँड शेड्स’ हे पुस्तक निघालं. अशा शेड आणि त्यांचे मालक यांच्याबद्दलच्या या पुस्तकामुळे परसातल्या अडगळीला एकदम सांस्कृतिक मान मिळाला.

पण त्याच सुमारास दोन गोष्टी बदलत होत्या. एक म्हणजे जागा. वय झालं की मोठं घर विकून लहान घरात किंवा वृद्धांच्या वसाहतीत जायचं, ही तिथली रीत. तिथे परसही नाही आणि शेडही नाही. दुसरं म्हणजे काम. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात मोठी मंदी आली, बेकारी अकरा टक्क्यांच्या आसपास गेली. आयातकर कमी होत गेल्याने कारखानदारीवर आधीच ताण होता. पन्नाशीतल्या कितीतरी कारागिरांची नोकरी गेली ती परत मिळालीच नाही. म्हणजे हत्यार धरणारा हात होता, पण त्याला ना काम उरलं ना जागा.

गूल्वा, टोंगाला, लेन कोव्ह

दक्षिण ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाजवळ गूल्वा नावाचं जुनं नदीबंदर आहे. रेल्वेची आवड असणाऱ्यांना ते नाव ओळखीचं असेल. इथून पोर्ट इलियटपर्यंत १८५४ साली घोड्यांनी ओढलेली रेल्वे सुरू झाली, आपल्या बोरीबंदर-ठाणे गाडीच्या पुढच्याच वर्षी. या गूल्वात १९९३ मध्ये ज्येष्ठांच्या एका क्लबात पुरुषांसाठी ‘द शेड’ सुरू झाली. तिचं श्रेय मॅक्सीन किटो या कार्यकर्तीला दिलं जातं. आज या चळवळीची पहिली पायरी म्हणून गूल्वाचंच नाव घेतात.

‘मेन्स शेड’ हे नाव घेऊन उघडलेली पहिली ज्ञात शेड मात्र व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला या छोट्या गावातली. साल १९९८, महिना जुलै. ती डिक मॅकगोवन यांच्या नावाने ओळखली जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस सिडनीच्या लेन कोव्ह उपनगरात आणखी एक शेड उघडली. तिच्यामागे रूथ व्हॅन हर्क यांचा पुढाकार होता.

इथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुरुषांच्या या चळवळीच्या आरंभी स्त्रियांची नावं वारंवार भेटतात. त्याचं कारण समजण्यासारखं आहे. वृद्धांच्या सेवेत काम करणाऱ्या या बायका रोज पाहत होत्या की विणकाम, गाणी, पत्ते, गप्पा अशा कार्यक्रमांना आज्या येतात. आजोबा एक तर येत नाहीत, किंवा येऊन कोपऱ्यात बसून राहतात. त्यांनी आजोबांना दोष दिला नाही, कार्यक्रमाला दिला.

पुढची वाटचाल झपाट्याची आहे. २००५ साली व्हिक्टोरियातल्या लेक्स एन्ट्रन्स इथे पहिली राष्ट्रीय परिषद भरली. २००७ साली ऑस्ट्रेलियन मेन्स शेड असोसिएशन स्थापन झाली. २०१० साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने पुरुषांच्या आरोग्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं आणि त्यात शेडना जागा मिळाली. २०११ मध्ये आयर्लंडची राष्ट्रीय संघटना झाली, २०१३ मध्ये ब्रिटनची. आयर्लंडसारख्या लहान देशात आज चारशेहून जास्त शेड आहेत. डेन्मार्कमध्येही ही कल्पना रुजली, पण तिथे तिला ‘पुरुषांच्या भेटीची जागा’ अशा अर्थाचं नाव मिळालं. या साऱ्या प्रवासाची नोंद ठेवली ती बॅलरॅटचे प्राध्यापक बॅरी गोल्डिंग यांनी. त्यांचा ग्रंथ २०१५ मध्ये आला. चळवळ चालू असतानाच, पहिली पिढी हयात असताना कुणीतरी गावोगाव फिरून तारखा पक्क्या केल्या, हे आपल्यासारख्यांनी खास ध्यानात घेण्याजोगं आहे.

समोरासमोर नाही, शेजारी-शेजारी

आता मुख्य प्रश्न. पत्र्याच्या शेडने माणसाच्या तब्येतीला काय फरक पडतो?

संघटनेचं ब्रीदच त्याचं उत्तर देतं. त्याचा आशय असा, की पुरुष समोरासमोर बसून बोलत नाहीत, ते खांद्याला खांदा लावून उभे असले की बोलतात. शॉप फ्लोअरवर वर्षं काढलेल्या कुणालाही हे पटेल. ‘तुम्हाला एकटं वाटतं का?’ असा प्रश्न टेबलापलीकडून विचारला तर उत्तर येतं, ‘छे, मजेत आहे.’ पण दोघं मिळून एक फळी धरून करवतीतून काढत असले, नजर फळीवर असली, की मग मध्येच एक जण म्हणतो, ‘ती गेल्यापासून रात्री झोप लागत नाही रे.’ दुसरा ‘हं’ म्हणतो. फळी पुढे सरकते. चहाच्या वेळी पुढचं बोलणं होतं. इथे काम हे बोलण्याचं निमित्त आहे, आणि बोलायचं नसेल तर ते नुसतं कामही आहे. कुणी कुणाला बोलायला भाग पाडत नाही.

दुसरी गोष्ट नावाची. शेडमध्ये येणारा हा ‘रुग्ण’ नसतो, ‘लाभार्थी’ नसतो. तो सदस्य असतो. गोल्डिंग यांनी या मुद्द्यावर फार भर दिला आहे. माणसात काय कमी आहे हे मोजून त्याला बोलावलं तर तो येत नाही. त्याला काय येतं म्हणून बोलावलं तर येतो. आयुष्यभर फिटर होता त्याला टर्निंग शिकवता येतं, आणि आयुष्यभर बँकेत होता त्याला साठीनंतर पहिल्यांदा रंधा धरता येतो. गुरू आणि शिष्य दोघंही सत्तरीचे. अशा शिकण्यासाठी गोल्डिंग यांनी ‘शेडॅगॉजी’ असा गमतीदार शब्दही घडवला.

तिसरी गोष्ट म्हणजे आरोग्य मागच्या दाराने येतं. आत्महत्या करणाऱ्या दर चार ऑस्ट्रेलियनांत साधारण तीन पुरुष असतात, आणि डॉक्टरकडे जायला हेच पुरुष टाळाटाळ करतात. संघटनेने काढलेल्या तपासणी मोहिमेत म्हणून शरीराला गाडीची उपमा दिली: सर्व्हिसिंग कधी केलं, तेल-पाणी पाहिलं का, असं. दवाखान्यात न जाणारा माणूस शेडमध्ये रक्तदाब मोजून घेतो, कारण शेजारच्यानेही हात पुढे केलेला असतो.

गावाला काय मिळतं

शेड आपल्यापुरती राहिली असती तर तिला जागा आणि पैसा मिळाला नसता. ती गावाची कामं करते. बालवाडीची खेळणी, बागेतली बाकं, पक्ष्यांसाठी लाकडी घरटी, मोडक्या सायकली, विधवा शेजारणीच्या दाराची कडी. बदल्यात गाव जुनं गोडाऊन, अग्निशमन दलाची रिकामी इमारत, उरलेलं लाकूड देतं. थोडी वर्गणी, थोडं अनुदान, आणि शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजून विकलेले पैसे. बहुतेक शेडचा संसार यावर चालतो.

माझ्यासारख्या इंजिनिअरचं लक्ष मात्र कंटाळवाण्या बाजूकडे जातं. विमा कुणाचा? करवतीला गार्ड आहे का? धूळ ओढणारा पंखा चालतो का? वायरिंग तपासलं कधी? सत्तरीच्या माणसांना फिरत्या पात्यासमोर उभं करायचं म्हणजे हे सगळं आलं. राष्ट्रीय संघटनेचं एक मोठं काम विम्याची सोय आणि सुरक्षेचे नियम हेच आहे. प्रेरणेने शेड उघडते. ती उघडी राहते ती या वह्या आणि नियमांमुळे.

पुरावा किती पक्का

इतिहास लिहिताना स्तुती सोपी असते. शेडमुळे आयुष्य सावरलं असं सांगणारे सदस्य शेकड्यांनी आहेत, आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. पण संशोधकांनी सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा त्यांना दिसलं की बहुतेक अभ्यास लहान आहेत आणि सदस्यांनी स्वतःबद्दल सांगितलेल्या गोष्टींवर उभे आहेत. जे शेडमध्ये कधी आलेच नाहीत, किंवा दोनदा येऊन परत फिरकले नाहीत, त्यांचं म्हणणं या नोंदींत कमी आहे. स्त्रियांना प्रवेश असावा का, हा वादही जुना आहे. काही शेड सगळ्यांना खुल्या आहेत, काहींत स्त्रियांचे दिवस वेगळे, आणि काही ठिकाणी स्त्रियांनी स्वतःच्या शेड काढल्या. २०२०च्या टाळेबंदीत शेड बंद झाल्या, तेव्हा जे जाणवलं ते मात्र आकड्यांच्या आधी कळलं: ज्यांचा आठवडा शेडच्या दिवसांवर उभा होता, त्यांचा आठवडाच कोसळला.

बडोद्यातून पाहताना

या चळवळीचं आणि आपल्या गावाचं काही नातं आहे असा माझा दावा नाही. पण ती वाचल्यावर आपल्या जुन्या संस्था वेगळ्या दिसू लागतात, हे खरं. जुम्मादादा व्यायाम मंदिर घ्या. आपण त्याचा इतिहास लिहितो तो प्रो. माणिकरावांचा म्हणून, किंवा १९०७ ते १९१० या काळात तिथे शिकलेल्या जगन्नाथ गणेश गुणे यांचा, म्हणजे पुढे लोणावळ्याला कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांचा म्हणून. पण माणिकरावांकडे निखळलेलं हाड बसवून घ्यायलाही माणसं येत असत. आखाडा फक्त पैलवानाचा नव्हता. सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनाचं आपण इंजिनिअरिंग कॉलेजचं मूळ म्हणून कौतुक करतो. तिथे हाताच्या कामाला दिलेली प्रतिष्ठा हाही त्या इतिहासाचा भाग आहे, तो आपल्या लेखांत क्वचित येतो.

आखाडा, वाचनालय, भजनी मंडळ, गणपतीचा मांडव घालणारी पोरं. या जागांनी माणसांना काय दिलं, हे आपण संस्थापक आणि उद्घाटन यांच्या पलीकडे जाऊन फारसं विचारलेलं नाही. पहाटे कुलूप कोण काढी? माती कोण खणी? बायको गेल्यावर वर्षभर रोज येऊन नुसता कट्ट्यावर बसणारा कोण होता, आणि त्याला ‘काका, जरा हा दोर धरा’ म्हणणारा कोण? गूल्वा आणि टोंगालाच्या बाबतीत ही उत्तरं मिळाली, कारण माणसं हयात असताना कुणीतरी विचारली.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या पोळीतल्या, वाड्यातल्या किंवा सोसायटीतल्या अशा एका जागेची किल्ली ज्यांच्याकडे असायची त्यांच्याकडे एकदा जा. ती जागा कधी उघडे, कोण येई, काय काम चाले आणि ती बंद पडली असेल तर नेमकी कशामुळे, एवढ्या चार गोष्टी लिहून घ्या. तारीख अंदाजे असली तरी चालेल. दुसऱ्याला विचारून ती पक्की करता येते. आणि बोलता बोलता त्यांच्या घरी एखादं जुनं, न वापरलेलं हत्यार दिसलं तर ते कसं चालवायचं, तेही विचारा. बाकीचं ते स्वतःच सांगतील.