पेनिट्रेशन एन्हान्सर म्हणजे काय? चोळलेलं औषध त्वचेच्या आत जातं कसं?

मान आखडली की आपण जेल चोळतो आणि पुन्हा मोबाईल हातात घेतो. पण ते औषध आत गेलं कसं? आंघोळीचं पाणी तर आत शिरत नाही! इथे कामाला येतात पेनिट्रेशन एन्हान्सर, म्हणजे औषधाला त्वचेतून वाट करून देणारे पदार्थ. आजार बरा करणं हे त्यांचं काम नसतं. दार किलकिलं करायचं, एवढंच.

भारतात मिळणाऱ्या पाठदुखीच्या बऱ्याच जेलवर घटक असे छापलेले असतात: डायक्लोफिनॅक डायइथिलअमाइन १.१६ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट १० टक्के, मेन्थॉल ५ टक्के, जवसाचं तेल ३ टक्के. मुख्य वेदनाशामक फक्त सव्वा टक्का! मग बाकीचे काय करतात ते पाहू.

आधी भिंत समजून घ्या

त्वचेच्या सर्वात बाहेरच्या थराला स्ट्रॅटम कॉर्नियम म्हणतात. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी १० ते २० मायक्रोमीटर असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. पण या पातळ पापुद्र्याची रचना विटांच्या भिंतीसारखी आहे. केराटिनने भरलेल्या चपट्या, मेलेल्या पेशी या विटा, आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड या स्निग्ध पदार्थांचा मधला भराव म्हणजे सिमेंट. असे साधारण १५-२० थर एकावर एक असतात. औषधाच्या रेणूला बहुतेक वेळा विटांना वळसे घालत या सिमेंटमधून जावं लागतं.

यान बॉस आणि मार्कस मेइनार्डी यांनी २००० साली एक सोपा नियम मांडला: ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू धडधाकट त्वचेतून सहसा जात नाही. डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक. निकोटिन १६२, मिनॉक्सिडिल २०९, डायक्लोफिनॅक २९६, म्हणजे हे सगळे बसतात. इन्सुलिन सुमारे ५,८००, म्हणून इन्सुलिनची साधी चिकटपट्टी मेडिकलमध्ये मिळत नाही. आणि अखंड कोलॅजन? सुमारे तीन लाख. ‘कोलॅजन त्वचेत खोल मुरतं’ असं सांगणारी रील पुढच्या वेळी दिसली की हा आकडा आठवा.

एन्हान्सर नेमकं करतात काय?

ओलेइक ॲसिडचं उदाहरण सगळ्यात मजेदार आहे. त्याच्या साखळीत १८ कार्बन असतात आणि मधोमध एक वाक. स्टिअरिक ॲसिडमध्येही १८ कार्बनच, पण साखळी सरळ. सरळ साखळ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या नीट रचून बसतात. त्यात वाकडी काडी घुसवली की रचना विस्कटते, फटी पडतात आणि औषधाला वाट मिळते. ओलेइक ॲसिड शेंगदाण्याच्या तेलातही भरपूर असतं, पण तिथे ते ग्लिसरॉलला बांधलेलं असतं. म्हणून घरचं तेल चोळून हाच परिणाम मिळेल असं समजू नका.

मेन्थॉलसुद्धा ही रचना ढिली करतं. त्याचा गारवा मात्र वेगळीच भानगड आहे. नसांमधला थंडी ओळखणारा सेन्सर मेन्थॉलमुळे चालू होतो आणि मेंदूला वाटतं, त्वचा गार झाली! त्यामुळे ‘गार वाटलं म्हणजे औषध आत पोचलं’ असं काही नसतं.

प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि अल्कोहोलची तऱ्हा निराळी. दाढी-केसांसाठी मिनॉक्सिडिल वापरणाऱ्यांनी इकडे लक्ष द्या. मिनॉक्सिडिल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून ते या दोघांच्या मिश्रणात विरघळवतात. लावल्यावर अल्कोहोल उडून जातं, उरलेल्या थेंबात औषध दाट होतं आणि त्याला आत ढकलणारा जोर वाढतो. प्रॉपिलीन ग्लायकॉल स्वतः त्वचेत शिरून औषधासाठी जागा करतं. डोक्याला खाज सुटली तर दोष पुष्कळदा औषधाचा नसून या प्रॉपिलीन ग्लायकॉलचा असतो. मिनॉक्सिडिलच्या फोममध्ये ते सहसा नसतं, म्हणून डॉक्टर कधीकधी फोम सुचवतात. एवढा सगळा खटाटोप करूनही डोक्यावर लावलेल्या मिनॉक्सिडिलपैकी सरासरी दीड टक्क्याच्या आसपासच रक्तात पोचतं.

आणि सगळ्यात साधा एन्हान्सर म्हणजे पाणी. त्वचा झाकली की घाम अडतो, बाहेरचा थर फुगतो आणि भिंत सैल पडते.

डीएमएसओची गोष्ट

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये स्टॅन्ली जेकब या सर्जनने डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजेच डीएमएसओ, गाजवलं. कागद उद्योगातून निघणारा हा द्रव हातावर लावला की थोड्याच वेळात तोंडात लसणासारखी चव येते! लोक वेडे झाले. पण प्राण्यांच्या डोळ्यांत बदल दिसल्यामुळे १९६५ मध्ये तिथल्या एफडीएने माणसांवरच्या चाचण्या थांबवल्या. १९७८ मध्ये मूत्राशयाच्या एका आजारासाठी आणि २००९ मध्ये गुडघेदुखीच्या डायक्लोफिनॅक द्रावणात त्याला मर्यादित परवानगी मिळाली.

गोम अशी की डीएमएसओ औषध आणि घाण यांत फरक करत नाही. बाटलीत किंवा हातावर जे असेल तेही तो सोबत नेऊ शकतो. ऑनलाइन मिळणारा औद्योगिक दर्जाचा डीएमएसओ अंगाला लावणं म्हणूनच धोक्याचं आहे.

आपल्याकडचा खरा धोका: जांघेतली खाज

हीच अडचण सगळ्याच एन्हान्सरची आहे. उघडलेलं दार कोण आत येतंय ते बघत नाही. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून मोजमाप केलं. कोपराखालच्या हाताच्या तुलनेत कपाळातून ते सुमारे ६ पट, जबड्याच्या कोपऱ्यातून १३ पट आणि अंडकोषाच्या त्वचेतून ४२ पट शोषलं गेलं.

आता विचार करा. नायटा झाला म्हणून कुणीतरी मित्राने सांगितलेली ट्यूब आणतो. तिच्यात बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टिरॉइड, असं तीन-चार औषधांचं कडबोळं असतं. जागा जांघेतली, वर घट्ट जीन्स, दिवसभराचा घाम. म्हणजे त्वचा मुळात पातळ आणि त्यात पाण्याचा एन्हान्सर फुकट! दोन दिवसांत खाज थांबते, कारण स्टिरॉइड लाली आणि खाज दाबतं. बुरशी मात्र खाली आरामात पसरते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, चट्टे कायमचे राहतात आणि नायटा नेहमीच्या औषधांना लवकर दाद देत नाही. गोरं होण्यासाठी चेहऱ्यावर लावल्या जाणाऱ्या स्टिरॉइड क्रीमचंही तेच. त्यात सॅलिसिलिक ॲसिडचा फेसवॉश जोडीला असेल तर वरचा थर आणखी सुटतो आणि स्टिरॉइड जास्त आत जातं.

ट्यूबवर घटकांमध्ये क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे, त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नका. आधीच बरेच दिवस लावत असाल तरी त्यांनाच दाखवा, कारण अचानक बंद केल्यावर चेहरा लाल होऊन भडकू शकतो. एन्हान्सरची नावं मात्र दरवेळी सापडतीलच असं नाही, पुष्कळ ट्यूबवर फक्त ‘जेल बेस’ किंवा ‘क्रीम बेस’ एवढंच लिहिलेलं असतं. जेल लावून त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, घट्ट पट्टीही बांधू नका, उष्णतेने शोषण वाढतं आणि मिथाइल सॅलिसिलेट असेल तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. आणि दोन क्रीम तळहातावर एकत्र कालवून लावायची सवय असेल तर ती सोडा, एकातला एन्हान्सर दुसऱ्यातल्या औषधालाही आत घेऊन जाऊ शकतो.