विपुलता आणि अतिरेक : काही इंग्रजी शब्दांचा अर्थेतिहास

विपुलतावाचक इंग्रजी शब्दांमधील भेद केवळ परिमाणाचा मानला, तर त्यांच्या इतिहासाचा महत्त्वाचा भाग दृष्टीआड होतो. ‘पुष्कळ’पणाविषयीचा मूल्यनिर्णयही हे शब्द वाहून आणतात.

‘प्लेन्टी’ हा शब्द ‘पूर्ण’ या अर्थाच्या लॅटिन विशेषणातून आला. गरज भागली की त्याचा आशय पुरा होतो. ‘ॲबन्डन्स’च्या मुळाशी लाटेची प्रतिमा आहे, तेथे काठ ओलांडला जातो. ‘प्रोफ्यूजन’ ओतण्याच्या क्रियेतून आला. त्यामुळे उधळपट्टीचा संशय त्याला चिकटला. ‘प्लेथोरा’ मूळचा ग्रीक. इंग्रजीत तो वैद्यकाची संज्ञा म्हणून आला आणि शरीरातील रक्ताचा अतिसंचय, म्हणजे विकार, दर्शवू लागला. आज तो अनेकदा नुसत्या ‘पुष्कळ’ या अर्थी वापरला जातो. व्युत्पत्ती अर्थाला कायमची बांधून ठेवत नाही, हेही त्यावरून दिसते.

साहित्यविचाराच्या दृष्टीने याहून उद्बोधक इतिहास आहे तो ‘कोपिया’ या लॅटिन शब्दाचा. समृद्धी हा त्याचा मूळ अर्थ. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेसाठी एरॅस्मसने सिद्ध केलेला ‘दे कोपिया’ हा ग्रंथ 1512 मध्ये प्रसिद्ध झाला. पत्र मिळाल्याचा आनंद सांगणारे एक साधे वाक्य त्यात शंभराहून अधिक रीतींनी मांडले आहे. पोकळ शब्दबाहुल्याविषयी त्याने इशारा दिला असला, तरी विपुलता हा त्याच्या लेखी वक्तृत्वाचा गुणच होता. याच शब्दापासून इंग्रजीत ‘कोपियस’ आणि मध्ययुगीन लॅटिनमधील ‘प्रतिलेख’ या अर्थाच्या द्वारा ‘कॉपी’ असे दोन शब्द आले : एक निर्मितीच्या वैभवाचा, दुसरा अनुकरणाचा.

1667 मध्ये टॉमस स्प्रॅटने रॉयल सोसायटीच्या इतिहासात शब्दपाल्हाळाचा निषेध करून वस्तूंइतकेच शब्द असावेत असा आदर्श मांडला. पुढे हेस्टर पिओझी (1794) आणि जॉर्ज क्रॅब (1816) यांनी समानार्थी शब्दांचे भेद सांगणारे ग्रंथ लिहिले. एरॅस्मसने पर्याय जमविले ते भाषा वाढविण्यासाठी; या ग्रंथांचा भर प्रत्येक पर्यायाची हद्द आखून देण्यावर होता. 1852 मध्ये रॉजेटने पर्यायांचे वर्गवार संकलन केले, परंतु भेदांचे विवेचन टाळले. निवडीचा विवेक त्याने वाचकावर सोपविला.

हा विवेक समीक्षेत निर्णायक ठरतो. एखाद्या कवीची प्रतिमासृष्टी ‘कोपियस’ आहे की ‘प्रोफ्यूज’, हे ठरविणे म्हणजे तिचे मूल्यमापनच होय. दोन्हींसाठी ‘विपुल’ हाच पर्याय योजला, तर मूळ समीक्षकाने दिलेला निर्णय भाषांतरात हरवतो. वास्तविक सुबत्ता, रेलचेल, उधळण आणि बुजबुजाट यांतील अंतर मराठी भाषकाला सांगावे लागत नाही. उणीव आहे ती आपल्या समीक्षेने हे शब्द परिभाषेबाहेर ठेवल्याची.