लहान आतड्याचे दर्शन

मनुष्याचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. अन्नमार्गाचा सर्वांत लांब भाग हाच; आणि वैद्यकाच्या दृष्टीस सर्वांत उशिरा पडला तोही हाच. तेथे अर्बुदे क्वचितच होतात हे खरे. परंतु जी होतात ती दीर्घकाळ मूक राहतात. नकळत झिरपणारे रक्त, त्यातून आलेला पांडुरोग, अधूनमधून उठणारी कळ, एवढ्याच काय त्या खुणा. त्यामुळे अशा अर्बुदाचे निदान पुष्कळदा पोट उघडल्यावरच होई, आणि तोवर उशीर झालेला असे.

ह्या अंधाराशी झालेल्या झगड्याचा इतिहास हा मुख्यतः प्रकाशाचा इतिहास आहे. १८०६ साली फिलिप बोझिनी ह्या जर्मन वैद्यांनी मेणबत्तीचा उजेड शरीराच्या पोकळीत सोडणारे यंत्र पुढे आणले. १८६८ मध्ये अडोल्फ कुसमाउल ह्यांनी तलवार गिळून दाखविणाऱ्या एका खेळियाच्या जठरात सरळ नळी उतरविली. नळी पोहोचली, पुरेसा उजेड मात्र पोहोचला नाही. पुढे विजेचे दिवे आले. १९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर ह्यांची काहीशी वाकणारी जठरदुर्बीण आली. तथापि आतड्याची वेटोळी तिच्या आवाक्याबाहेरच राहिली.

वाकड्या वाटेने चित्र बाहेर कसे आणावे, हे कोडे सोडविण्यात एका भारतीयाचा वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरोल्ड हॉपकिन्स ह्यांनी १९५४ मध्ये लंडन येथे काचेच्या सूक्ष्म तंतूंच्या जुडीतून चित्र वाहून नेता येते, असे दाखवून दिले. १९५७ मध्ये अमेरिकेत बॅसिल हर्शोविट्झ ह्यांनी अशा तंतूंची लवचीक दुर्बीण प्रथम स्वतःच गिळून पाहिली.

तरीही लहान आतड्याचा मध्यभाग उरलाच. क्षेपणास्त्रांचे ‘डोळे’ घडविणारे इस्राएली अभियंता गॅव्रिएल इद्दान ह्यांनी गिळता येण्याजोग्या गोळीत छायाचित्रयंत्र बसविले. २००० साली ते जगापुढे आले. गोळी आतडे पाहत जाते. पण तिला थांबता येत नाही, की तुकडाही काढता येत नाही. ही उणीव जपानमधील हिरोनोरी यामामोतो ह्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन फुग्यांच्या दुर्बिणीने भरून काढली. लेंग्याच्या नेफ्यात नाडी ओवताना कापड चुणत जावे, तसे आतडे ह्या दुर्बिणीवर चुणत जाते.

आता प्रश्न पोहोचण्याचा नव्हता, ओळखण्याचा होता. आरंभीचे अर्बुद भोवतालच्या त्वचेच्याच रंगाचे, चपटे असू शकते. पांढऱ्या उजेडात ते सहज निसटते. जपानी संशोधकांनी येथे उजेड वाढविला नाही, तर निवडला. सुमारे ४१५ आणि ५४० नॅनोमीटर लांबीच्या निळ्या व हिरव्या लहरी रक्तातील हिमोग्लोबिन विशेष शोषून घेते. म्हणून पृष्ठभागाजवळच्या केशवाहिन्या त्या उजेडात गडद उमटतात, आणि अर्बुदावरील त्यांची विस्कटलेली जाळी व आतड्याच्या रसांकुरांची बिघडलेली ठेवण नजरेत भरते.

अर्थात ही केवळ खूण होय. निर्णय सूक्ष्मदर्शकाखालील तुकड्याचाच. परंतु खूण वेळेवर पटली, तर पृष्ठभागापुरते असलेले अर्बुद कधीकधी दुर्बिणीतूनच काढता येते. आतड्याची भिंत पातळ असल्याने तेथे भोक पडण्याचा धोका असतो. त्यासाठी हात कसलेला हवा.