‘घाटी’ शब्दाची उतरण

घाटकोपर-मुलुंडकडे शाळेच्या पटांगणांत आणि लोकलच्या गर्दींत ‘घाटी’ हा शब्द वारंवार कानीं पडतो. गांवढळ, आडदांड अशा अर्थानें तो दुसऱ्याच्या अंगावर फेकला जातो. आज त्याचें कूळ पाहूं.

‘घाट’ म्हणजे मूळचा नदीचा उतार. पुढें डोंगर उतरण्याची वाट, आणि अखेर खुद्द डोंगर, असा त्याचा अर्थ वाढत गेला. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशानें हे तिन्ही अर्थ नोंदविले आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या माणसाला वरून येणारें तें सारें घाटी. मग तो माणूस असो वा माल. नाणेघाटांत सातवाहनांचे सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे लेख आहेत व जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजणही आहे. त्या वाटेनें जुन्नरकडील माल कोकणच्या बंदरांकडे उतरे. आजही ‘घाटी मसाला’ मागणारी गृहिणी कोणाचा अपमान करीत नाहीं. छत्रपती संभाजीनगरचें सरकारी रुग्णालय तर ‘घाटी’ याच नांवानें ओळखलें जातें.

मग या शब्दाला डंख फुटला कोठें? माझ्या मतें, तो मुंबईंत फुटला. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० सालीं खुला झाला व तेथील लोहमार्ग १८६३ सालीं. मधल्या काळांत, १८५४ सालीं, कावसजी दावर यांनीं मुंबईंत कापडगिरणीचा पाया घातला. पुढें १८७६-७८ चा दुष्काळ आला. सातारा, पुणें, अहमदनगरकडचा कुणबी खालीं उतरला आणि गोदींत पाठीवर पोतें घेऊन उभा राहिला. दिशा दाखविणारा शब्द हळूहळू ओझ्याचा झाला, आणि ओझें वाहणाऱ्याला मान देण्याची चाल आपल्याकडे फारशी नाहीं! गिरणींत त्याच्या शेजारीं राबणारा रत्नागिरीकर तितकाच दरिद्री. पण तो घाटाखालचा, म्हणून सुटला.

अर्थात्, तोही फार दिवस सुटला नाहीं. परभाषी शेजारी सरसकट साऱ्या मराठी माणसांना घाटी म्हणूं लागले. माझ्या वर्गांत एकदां एका मुलानें दुसऱ्यास घाटी म्हटलें, तेव्हां मीं दोघांचीं गांवें विचारलीं. एकाचें चिपळूण निघालें, दुसऱ्याचें गुहागर! सारा वर्ग हंसला. ज्याला शिवी लागली होती तो मात्र हंसला नाहीं. गोव्यांतही ‘घांटी’ म्हणतात. तेथें घाटापलीकडून पोटासाठीं आलेला कानडी मजूरही त्यांत सांपडतो.

घाटकोपर हें नांव ‘घाट के ऊपर’ यावरून आलें, असें गमतीनें सांगतात. परंतु कोपर, कोपरी, कोपरखैरणें हीं नांवें याच ठाण्याच्या मुलखांत आहेत. तेव्हां हिंदीकडे धांव घेण्याचें कारण दिसत नाहीं.

गोदी-बाजारांतल्या त्या ओझेवाल्यांची संघटना अण्णासाहेब पाटील यांनीं बांधली. ते स्वतः सातारा जिल्ह्याचे. १९६९ सालीं महाराष्ट्र विधिमंडळानें या कामकऱ्यांसाठीं कायदा केला. त्यांत त्यांना जें नांव मिळालें तें घाटी नव्हे, ‘माथाडी’.