विदर्भातील वैद्यकीय विद्यार्थी आणि जागतिक आरोग्यविचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

तिवसा तालुक्यातील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रमाची स्थापना केली. त्यांच्या ग्रामगीतेत ग्राम-आरोग्याचा स्वतंत्र अध्याय आहे. आरोग्य औषधापेक्षा राहणीवर अधिक अवलंबून असते, हा विचार त्यामुळे या परिसरातील शेतकऱ्याला वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांआधीच परिचित झाला. १९६८ मध्ये महाराजांचे निर्वाण झाले. पुढच्याच वर्षी, वर्धा नदीच्या पलीकडे, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही. परंतु विदर्भातील वैद्यकीय विद्यार्थी जागतिक आरोग्याच्या प्रश्नाशी कसे जोडले गेले, हे पाहताना त्या एकत्र ठेवाव्या लागतात.

डॉ. नायर यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले होते. सेवाग्रामला मात्र त्यांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास खेड्यात मुक्कामाला पाठविले. प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यावे व विद्यार्थ्याने नेमून दिलेल्या कुटुंबांशी संपर्क ठेवावा, अशी ही पद्धती. पुढे याच संस्थेतील डॉ. उल्हास जाजू यांनी आसपासच्या गावांत आरोग्यविमा उभा केला. त्याची वर्गणी सुगीच्या वेळी, ऐपतीप्रमाणे, ज्वारीच्या रूपाने दिली जाई. विम्याचे इतके देशी रूप क्वचितच आढळेल.

याच काळात जयप्रकाश नारायण यांच्या विचारांनी प्रभावित तरुणांचा ‘मेडिको फ्रेंड सर्कल’ हा गट १९७४ मध्ये आकारास आला. त्याच्या पत्रिकेतून वैद्यकीय शिक्षण कोणासाठी, हा प्रश्न सातत्याने मांडला गेला. १९७८ च्या अल्माआटा परिषदेने ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा केली, तेव्हा ती या तरुणांना नवी वाटण्याचे कारण नव्हते.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचा प्रवास येथे विशेष बोलका आहे. वर्धा जिल्ह्यातील कामानंतर ते जॉन्स हॉपकिन्सला गेले, १९८४ मध्ये पदव्या घेऊन परतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण व कुटुंबनियोजन, या तोवरच्या समजुतीला त्याने धक्का दिला. १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात नवजात बालकांच्या घरगुती सेवेचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गावातील प्रशिक्षित स्त्रियांनी ३९ गावांत ही सेवा दिल्यावर, ४७ तुलना-गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००९ मध्ये अशा गृहभेटींची संयुक्त शिफारस केली.

मेळघाटात प्रवाह उलट दिशेने आला. मेक्सिकोच्या डोंगरी खेड्यांसाठी डेव्हिड वर्नर यांनी लिहिलेले ‘जेथे डॉक्टर नाही’ या आशयाचे पुस्तक नागपुरातच शिकलेल्या डॉ. रवींद्र कोल्हे यांच्या वाचनात आले आणि त्यांनी बैरागड हे कोरकू आदिवासींचे गाव कार्यक्षेत्र म्हणून निवडले. २०१९ मध्ये त्यांना व डॉ. स्मिता कोल्हे यांना पद्मश्री मिळाली.

अशी नावे आदराने घेतली जातात. परंतु त्या आदरात एक सोय दडलेली आहे. व्यक्तीच्या त्यागाचे कौतुक केले की अभ्यासक्रमाला प्रश्न विचारावा लागत नाही. अमरावतीत १९८४ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय, तर अकोल्यात २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि सेवाग्रामचा खेड्यातील मुक्काम विदर्भातील वैद्यकीय शिक्षणाचा सर्वसाधारण नियम झाला नाही. नवजात बालकांच्या गृहभेटी मात्र २०११ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहेत. त्यानुसार तिवसा तालुक्यातील आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी बेचाळीस दिवसांत सहा वेळा जाते, त्याचे वजन करते, ताप पाहते.