मृत्युपत्रातून उभ्या राहिलेल्या शिक्षणसंस्था

हयातीत दिलेली देणगी दात्याच्या डोळ्यांदेखत खर्ची पडते. काही चुकत असेल तर त्याला जाब विचारता येतो. मृत्युपत्राने दिलेल्या देणगीला ही सोय नाही. तेथे दात्याच्या जागी केवळ कागद उरतो आणि त्या कागदाचा अर्थ लावण्याचे काम वारस, एक्झिक्युटर आणि न्यायालय यांच्याकडे जाते. भारतातील शिक्षणाच्या इतिहासात असे कागद थोडे नाहीत. त्यांतला सर्वांत विलक्षण कागद लखनौचा.

क्लोद मार्तँ हा 1735 साली फ्रान्समधील लिओं शहरात जन्मलेला मनुष्य साधा शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला. फ्रेंचांची चाकरी सोडून तो इंग्रज कंपनीत शिरला, अवधच्या नवाबाच्या शस्त्रागाराचा अधीक्षक झाला, आणि नीळ, घरे व सावकारी यांच्या बळावर त्याने अफाट संपत्ती जमवली. अखेरीस मेजर-जनरल ही पदवीही त्याला लाभली. तो अविवाहित होता. 1 जानेवारी 1800 रोजी त्याने आपले दीर्घ मृत्युपत्र केले, तेही स्वतःच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि त्याच वर्षी 13 सप्टेंबरला लखनौत त्याचे निधन झाले.

घरातील स्त्रिया, नोकरचाकर, लखनौ, कलकत्ता व चंद्रनगर येथील गरीब, कर्जापायी कलकत्त्याच्या तुरुंगात खितपत पडलेले लोक, अशा सर्वांची तरतूद त्यात आहे. आपले दफन लखनौच्या कॉन्स्टान्शिया या वाड्याच्या तळघरात व्हावे, ही आज्ञाही आहे. आणि लिओं, कलकत्ता व लखनौ या तीन शहरांत शाळा काढण्यासाठी पैसा आहे. मात्र ती शाळा कशी असावी, हे सांगताना लेखणी अडखळते. अशा संस्थेची व्यवस्था आखण्याइतकी आपली पात्रता नाही. सरकारने अथवा सुप्रीम कोर्टाने लोकहिताची उत्तम योजना करावी, असे तो सरळ लिहून जातो. स्वतःच्या पुण्यतिथीला प्रवचन व भोजन कसे व्हावे, हे मात्र त्याने लिहून ठेवले आहे! त्याच्या शाळांत संस्थापकदिन आजही 13 सप्टेंबरलाच येतो.

या प्रांजळपणाची किंमत दोन पिढ्यांनी मोजली. पैसा होता, इच्छा स्पष्ट होती, परंतु तिला हातपाय नव्हते. परकीय माणसाला कंपनीच्या मुलखातील जमीन अशी मागे ठेवता येते का, धर्मादाय दानावरील इंग्लंडचे निर्बंध कलकत्त्यात लागू होतात का, असे प्रश्न उपस्थित झाले आणि लिओं शहराचा महापौर विरुद्ध ईस्ट इंडिया कंपनी हा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. ते निर्बंध येथे आपोआप लागू होत नाहीत, असा निर्वाळा मिळाला. लिओंची शाळा 1833 साली, कलकत्त्याची 1836 साली आणि लखनौची 1845 साली सुरू झाली. दार उघडायलाच पंचेचाळीस वर्षे! तेवढ्या काळात एखादी शाळा आपल्या सुवर्ण महोत्सवाच्या तयारीला लागते. कैद्यांसाठी ठेवलेल्या निधीतील शिल्लक कोणाची, हा वाद तर 1876 सालीही प्रिव्ही कौन्सिलपुढे होता.

मार्तँ परदेशी होता. हिंदू समाजात मृत्युपत्राची कल्पनाच मुळात नवी. धर्मशास्त्रांत दानाचा विचार विपुल आहे, वारसाहक्काचा त्याहून विपुल. पण मरणानंतर अमलात येणाऱ्या लेखाला तेथे स्वतंत्र स्थान नव्हते. इंग्रजी न्यायालयांच्या छायेत, प्रथम बंगालमध्ये, ही पद्धत रुजली. 1868 साली कलकत्त्याचे प्रसन्नकुमार टागोर वारले. त्यांचा मुलगा ज्ञानेंद्रमोहन ख्रिस्ती झाला होता. त्याला वगळून आपली इस्टेट घराण्यातील पुरुषवंशाकडेच पिढ्यान्‌पिढ्या राहावी, अशी गुंतागुंतीची व्यवस्था त्यांनी लिहून ठेवली. प्रिव्ही कौन्सिलने 1872 साली ती मोडीत काढली: जो जन्मलाच नाही त्याला हिंदू कायद्याने दान देता येत नाही. पुतण्या जतींद्रमोहन यांच्या हयातीपुरता हक्क तेवढा टिकला आणि त्यापुढचा हक्क वगळलेल्या मुलाकडेच वळला.

त्याच मृत्युपत्रात कलकत्ता विद्यापीठात कायद्यावरील व्याख्यानांसाठी एक तरतूद होती. तिच्यात कोडे नव्हते. टागोर विधी व्याख्याने 1870 सालीच सुरू झाली, इस्टेटीचा निकाल लागण्याच्या दोन वर्षे आधी. वंशासाठी केलेली तटबंदी कोसळली आणि अनोळखी विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली कलमे टिकली, हे त्या वृद्ध वकिलाला आवडले असते की नाही, कोण जाणे.

1870 सालच्या हिंदू विल्स अॅक्टने बंगाल प्रांतात आणि मद्रास व मुंबई शहरांत हिंदूंच्या मृत्युपत्राला लेखी रूप व दोन साक्षीदार आवश्यक ठरवले. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यातही दोन साक्षीदारांची अट आहे. नोंदणी मात्र आजही सक्तीची नाही.

मराठी मुलखातील मोठे उदाहरण नागपूरचे. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मँगनीजच्या व्यवसायात पैसा मिळवला. 1930 साली ते निवर्तले. मृत्युपत्राने त्यांनी सुमारे 35 लाख रुपये नागपूर विद्यापीठाला ठेवले, तेही उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी. विद्यापीठ तेव्हा अवघे सात वर्षांचे होते. कोणाला द्यायचे आणि कशासाठी, हे दोन्ही लिहिलेले असूनही मध्ये बारा वर्षे गेली. लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था 1942 साली उभी राहिली, आणि दात्याने कधी न पाहिलेली मुले तेथे रसायन तंत्रज्ञान शिकू लागली.