सुखान्त प्रेमकथेची साक्ष : ‘शिओसाइ’ या कादंबरीचे एक वाचन

ललित कृतीचा इतिहासाच्या अभ्यासात कितपत उपयोग करावा, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा ऐतिहासिक कादंबरीच्या निमित्ताने चर्चिला जातो. परंतु जी कृती लेखकाने स्वतःच्याच काळाविषयी लिहिली, जिच्यात एक तरुण, एक तरुणी, थोडा विरोध आणि अखेरीस वाङ्‌निश्चय एवढेच आहे, तिच्याकडे इतिहासाचा अभ्यासक सहसा वळत नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने आपल्या टिपणात अशा एका कादंबरीचा आधार घेतला असता प्रस्तुत लेखकाने समासात ‘हे ललित होय, पुरावा नव्हे’ असा शेरा मारला होता. त्या शेऱ्याचा फेरविचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

ती कादंबरी म्हणजे युकिओ मिशिमा (१९२५–१९७०) यांची ‘शिओसाइ’. जपानीत ती १९५४ साली प्रसिद्ध झाली. मेरेडिथ वेदरबी यांनी केलेले तिचे इंग्रजी भाषांतर १९५६ मध्ये आले. उताजिमा नावाच्या लहानशा बेटावर शिंजी हा गरीब कोळ्याचा मुलगा राहतो. धनिक जहाजमालक तेरुकिची याची कन्या हात्सुए बेटावर परत येते आणि दोघांचा परस्परांवर जीव जडतो. गावात कुजबूज होते, बाप मुलीस भेटीची बंदी करतो. परंतु शिंजी वादळात जहाज वाचवून आपली योग्यता सिद्ध करतो आणि बापाचा विरोध मावळतो. कथेचा साचा लाँगस या ग्रीक लेखकाच्या ‘डॅफ्निस आणि क्लोई’ या प्राचीन कथेवरून घेतलेला आहे. मिशिमा १९५२ मध्ये ग्रीस पाहून आले होते, हेही येथे ध्यानी घ्यावे. एवंच, काळाचा स्पर्श न झालेले एक निर्मळ जग उभे करावे हाच लेखकाचा उघड संकल्प होता.

हा संकल्प नावांतही दिसतो. कादंबरीतील उताजिमा म्हणजे ‘गाण्याचे बेट’. ज्या बेटावर १९५३ मध्ये राहून मिशिमांनी सामग्री जमविली, त्याचे खरे नाव कामिशिमा, म्हणजे ‘देवाचे बेट’. ते मिए प्रांतात, इसे उपसागराच्या मुखाशी आहे. ‘शिओसाइ’ या शब्दात ‘शिओ’ म्हणजे भरतीओहोटीचे पाणी आणि उत्तरपदात त्याचा कल्लोळ. आपल्या कोकणातील ‘गाज’ हा शब्द त्याला पुष्कळच जवळचा आहे. हा शब्द मिशिमांनी घडविलेला नाही. आठव्या शतकात संकलित झालेल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात काकिनोमोतो नो हितोमारो याची एक रचना आहे. ती इ.स. ६९२ मधील सम्राज्ञीच्या इसे यात्रेशी निगडित असून तिच्यात हा शब्द जुन्या रूपात आला आहे, आणि त्याच रचनेत इरागो या स्थळाचाही उल्लेख आहे. इरागोचे भूशिर कामिशिमाच्या समोर, अरुंद सामुद्रधुनीच्या पलीकडे आहे. तेव्हा शीर्षकाची निवड सहज झालेली नसावी, असे मानावयास जागा आहे. शीर्षकच वाचकाला बाराशे वर्षे मागे नेते.

आता कथेतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग पाहू. वादळी दिवशी बोटी समुद्रात जात नाहीत. त्या दिवशी शिंजी आणि हात्सुए बेटावरील एका पडक्या इमारतीत भेटतात, शेकोटी पेटवितात, ओले कपडे वाळवितात आणि संयम राखून परततात. समीक्षकांचे लक्ष स्वाभाविकपणे त्या दोन देहांकडे व शेकोटीकडे जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र भिंतींकडे पाहावे. ही इमारत देऊळ नव्हे, कोळ्याची झोपडीही नव्हे. ती जपानी लष्कराची निरीक्षण-चौकी होय. समोरच्या इरागोवरून चाचणीदाखल डागलेले तोफगोळे कोठे पडतात, हे टिपण्यासाठी ती युद्धापूर्वी बांधली होती, आणि कामिशिमावर ती आजही उभी आहे. ज्या इरागोचे नाव हितोमारोच्या काव्यात समुद्राच्या गाजेसह येते, तेथूनच विसाव्या शतकात तोफा डागल्या जात होत्या. प्राचीन ग्रीक कथेतील प्रेमिकांना जी जागा कुरणात मिळाली, ती १९५४ मधील प्रेमिकांना लष्कराने सोडलेल्या इमारतीत मिळते. लेखक यावर भाष्य करीत नाही. त्याला केवळ एक आडोसा हवा होता. साक्षीचे मोल यामुळेच वाढते.

एकदा भिंतींकडे पाहण्याची सवय लागली म्हणजे इतर तपशीलही बोलू लागतात. शिंजीचा बाप युद्धाच्या अखेरच्या वर्षी अमेरिकन विमानाच्या हल्ल्यात मारला गेला आहे; म्हणून आई समुद्रात बुड्या मारून संसार चालविते. बुडी मारून अबालोनी शिंपले काढणाऱ्या ‘आमा’ स्त्रिया हे त्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य खरे. परंतु या विशिष्ट घराचा भार एका स्त्रीवर का पडला, याचे उत्तर परंपरेत नसून १९४५ मध्ये आहे. बेटावर फिरता विक्रेता येतो आणि बुड्या मारण्याच्या स्पर्धेसाठी हातपिशवीचे बक्षीस लावतो. मुख्य भूमीवरील बाजार बेटावर पोचल्याची ही खूण होय. शिंजी ज्या वादळात पराक्रम गाजवितो ते ओकिनावात होते, आणि ओकिनावा १९७२ पर्यंत अमेरिकेच्या प्रशासनाखाली होते. तरुणांनी रात्री एकत्र निजण्याचे किनाऱ्यावरचे घर ही जुनी संस्था; तथापि कादंबरीतील तरुण तेथे शिक्षण व आरोग्य यांवर चर्चा करतात. म्हणजे संस्था जुनीच राहिली, परंतु तेथील विषय युद्धोत्तर काळाचे झाले.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली भाषेविषयी. मुळात बेटावरील पात्रे प्रादेशिक बोलीत बोलतात. इंग्रजी भाषांतरात तो रंग उतरत नाही. अतएव भाषांतरावरून संवादांविषयी भाषिक निष्कर्ष काढू नयेत. दुसरी सूचना काळाविषयी. १९७० मध्ये मिशिमांनी आत्महत्या केली. त्यानंतरच्या वाचकाला या प्रसन्न कथेतही त्या मृत्यूची छाया शोधण्याचा मोह होतो. १९५४ मधील वाक्याला १९७० ची साक्ष द्यावयास लावणे हा कालविपर्यास होय.

कादंबरी काय सांगत नाही, याचीही नोंद व्हावयास हवी. १९४९ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने किनाऱ्यावरील मासेमारीच्या हक्कांची फेरमांडणी केली व सहकारी संस्थांना महत्त्व दिले. कादंबरीत मात्र प्रतिष्ठा एका जहाजमालकाभोवती फिरते. पुस्तक प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५४ रोजी, कामिशिमा हे स्वतंत्र गाव तोबा या नव्या शहरात विलीन झाले. २६ सप्टेंबर १९५९ रोजी इसे उपसागरावर आलेल्या चक्री वादळात पाच हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. कादंबरीतील बेटाची लोकसंख्या सुमारे चौदाशे आहे. आज कामिशिमावर काही शेकडे माणसेच उरली आहेत. कथेत वादळ नायकाला वधू मिळवून देते. प्रत्यक्षातील वादळाने किनाऱ्याला काय दिले, हे सांगण्यास ती कथा समर्थ नाही, आणि तशी अपेक्षाही करू नये.

तात्पर्य, अशा कृतीला तिच्या कथानकाविषयी प्रश्न विचारू नये. कथानक साच्यातून आलेले असते. प्रश्न विचारावा तो पात्रे जेथे बसतात त्या जागेविषयी, घरात नसलेल्या माणसाविषयी, आणि लेखकाने सहज म्हणून नोंदविलेल्या वस्तूंविषयी. त्या विद्यार्थिनीने आपल्या टिपणात नेमका त्या पडक्या चौकीचाच निर्देश केला होता. तिच्या समासातील शेरा प्रस्तुत लेखक येथे मागे घेत आहे.